इंग्रजीच्या क्लासमध्ये जीभ का अडकते? (आणि त्यात धंदा कसा अडकतो)



या आठवड्याच्या व्हिडिओत सावजी मसाला विकणाऱ्या एका ताईंची गोष्ट थोडक्यात सांगितली होती. दहा मिनिटांत सगळं बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. तुम्ही स्वतः स्पोकन इंग्लिशचा क्लास अर्धवट सोडला असेल, किंवा पुढे असा क्लास काढायचा विचार असेल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा.

मागच्या वर्षी मी दुकानाच्या वरच्या खोलीत छोट्या उद्योजकांसाठी बोलण्याच्या इंग्रजीची एक बॅच घेतली. बारा जण होते. तिसऱ्या आठवड्यात फोनवरच्या संभाषणाचा सराव चालू होता. ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, आय ॲम सेंड पार्सल यस्टरडे." मी काय केलं? ते वाक्य फळ्यावर लिहिलं, खाली लाल रेघ ओढली आणि सगळ्यांना विचारलं, "सांगा बरं, यात काय चुकलं?" दोघं जण हसले. ताईसुद्धा हसल्या. मला वाटलं, मस्त खेळीमेळीत शिकवणं चाललंय. पुढच्या सोमवारपासून ताई आल्या नाहीत.

दोन महिन्यांनी एका प्रदर्शनात त्यांचा स्टॉल दिसला. समोर रायपूरचं गिऱ्हाईक उभं होतं आणि ताईंची गाडी जोरात चालू होती. "कितना होना आपको? पाव किलो का भी पाकीट है, आधा किलो का भी है. एक बार लेके तो जाओ, फिर फोन करके मंगाओगे." त्या माणसाने तीन पाकिटं घेतली, नंबर घेतला आणि गेला.

मी विचारलं, "ताई, क्लास का सोडला?" त्या म्हणाल्या, "तुम्ही चांगलं शिकवता हो मॅडम. मलाच इंग्रजी जमत नाही. तेवढं डोकंच नाही माझं."

हे वाक्य मला लागलं. कारण मीच त्यांना ते शिकवलं होतं. इंग्रजी नाही शिकवलं, हे शिकवलं.

आधी माझी स्वतःची गोष्ट

मी बारावीपर्यंत मराठी माध्यमातली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर आमची गाडी पुढे निघून गेली होती. बीबीएला आले तर पुस्तकं इंग्रजी, लेक्चर इंग्रजी, प्रेझेंटेशनही इंग्रजी. पहिल्या सेमिस्टरला पाच मिनिटांचं प्रेझेंटेशन रात्रभर पाठ केलं होतं. पहिली दोन वाक्यं गेली आणि नंतर डोकं कोरं. पुढचं काहीच आठवेना. मी "थँक यू" म्हणून खाली बसले.

मग एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासला नाव घातलं. तिथे नियम होता की मराठी शब्द तोंडातून निघाला की पाच रुपये दंड. मी अख्ख्या कोर्समध्ये एक रुपयाही दंड भरला नाही. कारण मी तोंडच उघडलं नाही.

त्याची किंमत नंतर कळली. मी पॅकिंग मटेरियलचं दुकान सुरू केलं. एकदा हैदराबादहून मिठाईच्या डब्यांसाठी फोन आला. समोरचा माणूस भराभर इंग्रजीत विचारत होता. त्यातलं "मिनिमम क्वांटिटी" आणि "डिलिव्हरी" एवढं मला समजलंसुद्धा. दर मला तोंडपाठ होते, माल गोदामात पडून होता. तरी मी "आय विल कॉल बॅक" म्हणून फोन ठेवला आणि तो फोन कधीच परत केला नाही. माल कमी पडला नव्हता, की भाव जास्त नव्हता. ऑर्डर गेली ती भीतीमुळे.

या भीतीला नाव आहे

खूप वर्षं मला वाटायचं की हा फक्त माझाच प्रॉब्लेम आहे. तसं नाही. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात १९८३ च्या उन्हाळ्यात नव्याने परकी भाषा शिकणाऱ्या २२५ विद्यार्थ्यांना सांगितलं गेलं, की भाषेच्या वर्गाचं टेन्शन येत असेल तर आपण एक मदत-गट करतोय. त्यातल्या ७८ जणांनी यायची इच्छा दाखवली. म्हणजे तीनात एक! आणि ही काही मागे पडलेली मुलं नव्हती, विद्यापीठात पोहोचलेली होती.

यावरूनच एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८६ साली एक शोधनिबंध लिहिला आणि ही भीती मोजायला ३३ वाक्यांची प्रश्नावली बनवली. त्यांचं म्हणणं असं, की परक्या भाषेच्या वर्गातली भीती ही वेगळीच चीज आहे. गणितात हुशार असलेला, चारचौघांत बिनधास्त बोलणारा माणूसही या वर्गात गप्प होऊ शकतो. त्यांनी या भीतीचा संबंध तीन गोष्टींशी जोडला.

१. बोलण्याची धास्ती. समोरच्याचं मला समजेल का, माझं त्याला समजेल का?

२. परीक्षेची धास्ती. वर्गातला प्रत्येक प्रश्न परीक्षाच वाटतो.

३. लोक काय म्हणतील याची धास्ती. मी चुकले तर हे मला अडाणी समजतील.

तिसरी आपल्याकडे सगळ्यात जड आहे असं मला वाटतं. आणि यात एक खास गोष्ट आहे. इतिहासाच्या वर्गात तुम्ही चुकलात तर तुमचं उत्तर चुकतं. भाषेच्या वर्गात चुकलात तर तुम्ही स्वतःच चुकीचे दिसता. चाळीस वर्षांची बाई, जी घर चालवते, कर्ज फेडते, चार बायकांना काम देते, ती इंग्रजीत बोलायला लागली की चार वर्षांच्या मुलीसारखी वाटते. स्वतःलाच वाटते. ते कोणाला आवडेल?

मग हिंदीत भीती का नाही?

आता आपल्या नागपूरकडे बघा. १९५६ पर्यंत आपलं शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. इतवारी, गांधीबाग, कळमना, कुठल्याही बाजारात जा, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात भेटतात. आपण सगळे हिंदी बोलतो. बरोबर बोलतो का? अजिबात नाही! "कितना होना" हे आपलंच, पुस्तकातलं नाही. हिंदीच्या शिक्षकाने आपल्या बोलण्यावर लाल पेन फिरवला तर पानच लाल होईल.

तरी कोणी घाबरतं का? नाही. कारण बाजारात कोणी मार्क देत नाही. माल विकला गेला म्हणजे पास.

ताईंच्या स्टॉलसमोर उभं राहून मला हे पहिल्यांदा नीट कळलं. चुका त्या हिंदीतही करतात, इंग्रजीतही करतात. फरक एवढाच, की हिंदीसमोर गिऱ्हाईक उभं असतं आणि इंग्रजीसमोर परीक्षक. म्हणजे भीती भाषेची नसते, परीक्षकाची असते. माझ्या वर्गात ती परीक्षक मी होते.

भीती डोक्यात नेमकं काय करते?

कॅनडातल्या पीटर मॅकिंटायर आणि रॉबर्ट गार्डनर या संशोधकांनी १९९४ मध्ये हे तीन टप्प्यांत मांडलं. आपण दुकानाच्या भाषेत बघू.

माल आत येणं. समोरचा बोलतो ते ऐकणं. भीती असली की अर्धं लक्ष "आता मला विचारतील" याकडे असतं. म्हणजे माल गेटवरच अडतो.

माल लावणं. ऐकलेलं समजून घेणं, आधीच्या माहितीशी जोडणं. काळजीने डोक्यातली जागा अडवलेली असते, त्यामुळे हे काम मंदावतं.

माल बाहेर काढणं. येत असलेला शब्द वेळेवर आठवणं आणि बोलणं. गोदामात माल आहे, पण गिऱ्हाईक समोर असताना सापडत नाही. माझं प्रेझेंटेशन इथे अडकलं होतं. घरी आल्यावर सगळी वाक्यं धडाधड आठवली, तुम्हालाही आठवत असतील.

आणखी एक गंमत. याच मॅकिंटायर यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १९९७ मध्ये दाखवलं, की जास्त घाबरणारे विद्यार्थी स्वतःला प्रत्यक्षापेक्षा कमी समजतात आणि निर्धास्त असणारे जरा जास्तच समजतात. म्हणून "मला इंग्रजी येत नाही" असं कोणी म्हटलं की मी आता लगेच विश्वास ठेवत नाही. आधी बोलून बघते.

पण नुसत्या मोटिव्हेशनने होत नाही

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण यूट्यूबवर "भीती सोडा, इंग्रजी आपोआप येईल" असं सांगणारे भरपूर आहेत. रिचर्ड स्पार्क्स आणि लिओनोर गॅनशो या संशोधकांनी १९९० च्या दशकात उलटी बाजू मांडली: अनेकांच्या बाबतीत भाषेचा पाया कच्चा असतो, म्हणून भीती येते. भीती हे कारण नाही, परिणाम आहे.

माझा अनुभव म्हणतो की दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकमेकांना वाढवतात. शब्द कमी, म्हणून भीती. भीती, म्हणून बोलणं नाही. बोलणं नाही, म्हणून शब्द कमी. हे चाक दोन्हीकडून थांबवावं लागतं. शब्दही हवेत आणि चुकायला जागाही हवी.

लाडूवाली शशी आठवते?

२०१२ चा "इंग्लिश विंग्लिश" बहुतेकांनी पाहिला असेल. तो चित्रपट आपल्यासाठीच आहे असं मी नेहमी म्हणते. शशी गोडबोले घरून लाडू करून विकते, म्हणजे ती आपल्यासारखीच छोटी उद्योजक. दिग्दर्शिका गौरी शिंदे यांना ही गोष्ट त्यांच्या आईवरून सुचली. त्यांची आई पुण्यात लोणच्यांचा व्यवसाय करायची आणि तिला इंग्रजी नीट येत नव्हतं.

न्यूयॉर्कच्या कॉफी शॉपमध्ये शशीची फजिती होते तो प्रसंग आठवा. काउंटरवरची बाई घाई करते, मागे रांग, शशीच्या तोंडून शब्द निघत नाही. वर सांगितलेले तिन्ही टप्पे एका मिनिटात कोसळतात.

नंतर ती चार आठवड्यांच्या क्लासला जाते. तिथे काय वेगळं असतं? एक, सगळेच वेगवेगळ्या देशांतले आणि सगळेच चुकणारे. दोन, शिक्षक तिच्या लाडवांबद्दल विचारतात आणि तिला सांगतात की तू "आंत्रप्रेन्योर" आहेस. तो शब्द ती रस्त्याने पुटपुटत जाते. उच्चार अवघड, तरी तो तिला आवडतो, कारण तो तिचा स्वतःचा शब्द आहे. शिकणाऱ्याला त्याच्या कामाचा शब्द द्या, तो त्याला चिकटून राहतो.

तुम्ही शिकणारे असाल तर

१. आधी स्वतःच्या धंद्याची पंधरा वाक्यं पक्की करा. अख्खं व्याकरण नंतर. भाव किती, कमीत कमी ऑर्डर किती, माल किती दिवसांत निघेल, ॲडव्हान्स किती, जीएसटी वेगळा की धरून, ट्रान्सपोर्ट कोणाचं. गिऱ्हाईक फिरून फिरून हेच विचारतं. ही वाक्यं कागदावर लिहून गल्ल्याजवळ चिकटवा. माझ्या दुकानात तो कागद अजून आहे.

२. बचावाची तीन वाक्यं पाठ करा. "प्लीज स्पीक स्लोली." "प्लीज रिपीट द क्वांटिटी." "आय विल सेंड डिटेल्स ऑन व्हॉट्सॲप." डोकं कोरं झालं की ही धरायची. शेवटचं वाक्य बोललात तर खरंच पाठवा. माझ्यासारखं करू नका.

३. आधी एकाशी बोला, मग चौघांत. मैत्रीण, भाऊ, शेजारचा दुकानदार, कोणीही. रोज पाच मिनिटं खोटा फोन करायचा. एकाने गिऱ्हाईक व्हायचं, एकाने दुकानदार.

४. स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा. आज एक, महिन्याने एक. आधी सांगितलं ना, घाबरणारा माणूस स्वतःला कमी मार्क देतो. रेकॉर्डिंग खरं सांगतं.

५. हिशोब चुकांचा नको, वाक्यांचा ठेवा. आज किती वाक्यं बोललो? पाच? उद्या सात. चुकीची धरूनच मोजायची.

भीती पूर्ण जाईल याची वाट बघू नका. मला आजही अनोळखी नंबरवरून इंग्रजी आवाज आला की पोटात गोळा येतो. फरक एवढाच की आता फोन ठेवत नाही.

तुम्ही क्लास काढणार असाल तर

हा भाग धंद्याचा आहे, वही काढा.

समजा वीस जणांची बॅच आहे, फी ३,००० रुपये, दोन हप्त्यांत. तिसऱ्या आठवड्यात सहा जण गळाले. दुसऱ्या हप्त्याचे ९,००० रुपये तिथेच गेले. जागेचं भाडं, वीज, तुमचा वेळ, सगळं तेवढंच राहिलं. आणि ते सहा जण बाहेर क्लासला नावं ठेवत नाहीत. ते म्हणतात, "मलाच जमलं नाही." त्यामुळे तुम्हाला कधी कळतच नाही की गळती कुठे आहे. गिऱ्हाईक तक्रार न करता जातं, ते सगळ्यात महाग पडतं.

ताईंच्या प्रकरणानंतर मी माझ्या वर्गात हे बदललं.

अचानक नाव घेऊन उभं करणं बंद. आधी जोडीत सराव, मग चौघांच्या गटात, मग ज्याला वाटेल तो पुढे येईल. पुढे येणारे सुरुवातीला दोनच असतात. थांबा, वाढतात.

प्रश्न विचारून थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधल्या रेकॉर्डिंगवरून दाखवलं, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात. ते तीन सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांब येतात आणि गप्प राहणारेही बोलतात. तिचे वर्ग विज्ञानाचे होते, पण परक्या भाषेत तर जास्तच वेळ लागतो. मी मनात "एक संत्रं, दोन संत्री, तीन संत्री" म्हणते.

चूक नंतर, चिठ्ठीवर. माणूस बोलताना मध्ये तोडत नाही. माल पोहोचला, म्हणजे अर्थ कळला, तर पुढे जाऊ देते. शेवटी प्रत्येकाला छोटी चिठ्ठी: एक चांगलं वाक्य, एक सुधारायचं वाक्य. फळ्यावर चूक लिहिलीच तर माझी स्वतःची लिहिते, आणि त्या भरपूर आहेत.

मराठीला दंड नाही. शब्द अडला तर मराठीत म्हणा, आम्ही सगळे मिळून इंग्रजी शोधू. पाच रुपयांच्या दंडाने मला काय शिकवलं ते वर सांगितलंच आहे.

दोन दिवस गैरहजर, तर फोन. "का नाही आलात" असं नाही विचारायचं. "मागच्या वेळी काही जड गेलं का" असं विचारायचं. ताई आल्या नाहीत तेव्हा मी हा फोन केला असता, तर दोन महिने गेले नसते.

ताईंचं पुढे काय झालं?

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन केला. सांगितलं, की ताई, त्या दिवशी चूक तुमची नव्हती, माझी होती. तुमचं वाक्य मला पूर्ण समजलं होतं, तरी मी ते फळ्यावर टांगलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "येते मी. पण मला उभं नाही करायचं."

म्हटलं, ठरलं.

आता त्या येतात. मागच्या बाकावर बसतात, शेजारच्या मुलीशी जोडीत बोलतात. परवा वर्ग सुटल्यावर जिन्यात त्यांना बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. मी मागेच होते, मुद्दाम थांबले. ताई म्हणाल्या, "यस सर, आय ॲम सेंड पार्सल यस्टरडे. ट्रॅकिंग नंबर व्हॉट्सॲप."

वाक्य तेच होतं. मी काही बोलले नाही. तिकडून बहुतेक "ओके, थँक यू" आलं असावं, कारण ताई "वेलकम सर" म्हणून हसत जिना उतरून गेल्या.

ते वाक्य आम्ही दुरुस्त करूच, चिठ्ठीवर. घाई नाही.

आता तुमची पाळी. तुमच्या धंद्याची पंधरा वाक्यं मराठीत लिहून व्हिडिओखाली कमेंटमध्ये टाका. मसाला, कपडे, डेअरी, मोबाईल रिपेअरिंग, काहीही चालेल. त्यातली निवडक वाक्यं पुढच्या व्हिडिओत आपण इंग्रजीत बसवू. चुकीच्या इंग्रजीत लिहिलीत तर अजूनच छान. इथे कोणी हसणार नाही, हा माझा शब्द.

भेटूया पुढच्या आठवड्यात!